कोळंबे बागेतली सात मिनिटं

खांब आडवे पडले होते.

पावणेसहाच्या थोडं आधी आम्ही मुली बागेत शिरलो तेव्हा रोजच्या जागी नुसते दोन खड्डे होते, आणि आमचे खो-खोचे दोन्ही खांब पलीकडच्या गवतात टाकून दिलेले. मधली चुन्याची रेषा कुणीतरी पायानं पुसून काढली होती. तिथं पाणी मारून, माती बदडून एक लांबट लाल पट्टी तयार होत होती. पट्टीच्या टोकाला कमरेवर हात ठेवून पभ्या तांडेल उभा होता.

"हे कुणी केलं?" नलूनं विचारलं. नलू आमची सगळ्यात वेगवान, आणि तोंडानंही तशीच.

"आम्ही," पभ्या म्हणाला. "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहेत. पिच पाहिजे. सपाट जागा अख्ख्या बागेत एवढीच. तुमचं काय, तुम्ही कुठंही पळू शकता."

त्याच्या मागं उभी असलेली क्रिकेटची पोरं हसली. पभ्या एकोणीस वर्षांचा, त्यांचा कॅप्टन. आम्ही बारा-तेरा वर्षांच्या.

ही १९७४ सालची गोष्ट. दादरच्या थोडं अलीकडे आमची ही कोळंबे बाग. अर्ध्या भागात झाडं, बाकं, कारंजं आणि अर्ध्या भागात उघडं मैदान. तीन बाजूंनी चौमजली इमारती. त्यातल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहायचो. घरात अभ्यासाला जागा नव्हती, भांडायला नव्हती, रुसून बसायलाही नव्हती. ते सगळं आम्ही बागेत उरकायचो. मी पाढे पाठ केले ते कारंज्याच्या कठड्यावर, आणि मोठ्या बहिणीला बघायला मंडळी आली तेव्हा आम्हा चार धाकट्यांना आईनं तीन तास बागेतच पिटाळलं होतं. संध्याकाळी तिन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमधून आया हाका मारायच्या, आणि प्रत्येक मुलाला शंभर हाकांतून आपली हाक बरोबर ओळखू यायची.

मैदानाच्या मधल्या सपाट तुकड्यावर सहा वर्षं आमचं मंडळ खेळत होतं. नाव विद्युल्लता. त्यात मी म्हणजे निव्वळ विनोद होते, कारण माझ्याइतकं हळू कुणीच पळत नसे. मी कुंदा राऊत. मला घेतलं होतं ते संख्या भरावी म्हणून, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटायचं.

मंडळ होतं पागधरेबाईंचं. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. चाळिशीच्या आतबाहेर, लग्न केलेलं नाही, भावाच्या घरी राहायच्या. सकाळची पाळी संपवून घरी जायच्या, जेवायच्या आणि बरोबर पावणेसहाला बागेच्या फाटकातून आत यायच्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी. साडीवर बूट घातलेली बाई तेव्हा आमच्या वस्तीत एकच होती. पहिल्या वर्षी लोक हसले, म्हणे. मग बाई रोजच तशा येतात म्हटल्यावर हसण्याचा कंटाळा आला त्यांना.

त्या दिवशीही त्या पावणेसहाला आल्या. गवतातल्या खांबांकडे पाहिलं, खड्ड्यांकडे पाहिलं, मग पभ्याकडे. बाईंचा आवाज कधी चढत नसे. दिवसभर हजार अनोळखी माणसांशी बोलून तो एका पट्टीत बसून गेला होता.

"प्रभाकर, जागा हवी होती तर मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर दिली असतीत?"

"नसती दिली."

"मग?"

बाई यावर थोड्या हसल्या. उत्तर त्यांना आवडलं असावं. "आम्ही कुठंही पळू शकतो, असं तू आत्ता म्हणालास. मी फाटकातून ऐकलं. खरंच पळू शकतो आम्ही. पकडून दाखवता?"

"काय?"

"येत्या रविवारी, पाच वाजता, इथंच. तुमचे नऊ, माझ्या तीन. सात मिनिटं. तिघींना बाद केलंत तर ही जागा तुमची, मी परत नाव काढणार नाही. एक जरी मुलगी सात मिनिटं उभी राहिली तर हे खांब तुम्ही पुरायचे. तुमच्या हातानं."

पभ्यानं मागं वळून आपल्या पोरांकडे पाहिलं. शाळेत सगळ्यांनीच खो-खो खेळलेला. समोर परकरातल्या आणि फ्रॉकमधल्या पोरी. तो म्हणाला, "शब्द?"

"शब्द."

पंच म्हणून दोघांनाही डिमेलोकाका चालणार होते. काका रेल्वेतले निवृत्त गार्ड. कारंज्याजवळच्या बाकावर त्यांची बैठक असे. खिशात नोकरीतलं घड्याळ होतं, आणि त्या घड्याळावर अख्ख्या बागेचा विश्वास होता.

त्या आठवड्यात बाईंनी आम्हाला कसं पळवलं ते विचारू नका. नलू, ज्योत्स्ना आणि शैला, या तिघी खेळणार हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण शनिवारी शैलाला ताप भरला. रविवारी दुपारी तिचा भाऊ निरोप घेऊन आला तेव्हा आम्ही सगळ्या बाईंच्या भोवती गोल करून बसलो होतो. बाईंनी एकेकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कुंदा, तू."

मला वाटलं माझ्या मागं दुसरी कुणी कुंदा बसलीय.

"बाई, मी सगळ्यात हळू आहे."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? बूट बांध."

नलूनं तोंडावर हात मारून घेतला. मी बूट बांधायला लागले, तर नाडीची गाठच बसेना. बाई माझ्याजवळ वाकल्या आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. पायांकडे बघायचं. तू रोज तेच करतेस, फक्त तुला कळत नाही."

पाच वाजता मैदानाभोवती निदान तीनशे माणसं जमली होती. गॅलऱ्या भरल्या होत्या. आमच्या गॅलरीत आई, आजी आणि दोन्ही बहिणी ओळीनं उभ्या होत्या. खांब तात्पुरते उभे केले होते, रेषा नव्यानं आखली होती. आठ पोरं रेषेवर एकाआड एक उलट दिशांना तोंडं करून बसली, नववा पभ्या स्वतः पाठलागाला उभा राहिला. डिमेलोकाकांनी घड्याळ तळहातावर घेतलं, गाडी सोडताना वाजवावी तशी लांब शिटी वाजवली.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागं वळताही येत नाही. पळणाऱ्याला मात्र बसलेल्यांच्या मधून वाटेल तिथून पलीकडे जाता येतं. त्यामुळं नुसत्या पायांवर हा खेळ चालत नाही. पोरांना ते पहिल्या मिनिटात कळलं. पभ्या नलूच्या मागं सुसाट सुटायचा, ती शेवटच्या क्षणी दोघांच्या मधून पलीकडे जायची, आणि तो आपल्याच वेगानं पुढं चार पावलं जाऊन थांबायचा. लोक हसायला लागले. दोन मिनिटं झाली, अडीच झाली. मी एका टोकाला नुसती इकडून तिकडे होत होते. माझ्याकडे कुणी लक्षच देत नव्हतं. ही काय, हिला कधीही घेऊ, असं.

तिसऱ्या मिनिटाला ज्योत्स्ना घसरली आणि बाद झाली. चौथ्या मिनिटाच्या शेवटी पोरं शहाणी झाली. धावणं सोडून त्यांनी पटापट खो द्यायला सुरुवात केली. खो, खो, खो! एक उठतो तोवर दुसरा. नलूनं त्यात एक हुलकावणी जास्त दिली. वसंत किणी नावाच्या उंच पोरानं नुसता हात लांब केला आणि ती त्याच्या पंज्यात सापडली. नलू बाहेर जाताना माझ्याकडे पाहत गेली. ती नजर मला आजही लख्ख आठवते. संपलं, असं त्यात लिहिलेलं होतं.

दोन मिनिटं आणि काही सेकंद उरले होते.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं. बसलेल्या पोराला खो मिळणार असेल तर तो आधीच टाच उचलतो, हे मला दिसत होतं. उजवी टाच उचलली की तो उजवीकडे सुटणार. मी सहा महिने, वर्षभर रेषेवर बसून शेजारून उठून पळणाऱ्या मुलींचे पाय बघत होते, कारण मला उठवायचंच नाही असा सगळ्यांचा अलिखित ठराव होता. ते पाहिलेलं त्या दिवशी कामाला आलं. मी पळत नव्हतेच. मी फक्त जिथं ते येणार तिथं नसायचे.

लोकांचं हसणं थांबलं. मग ओरडा सुरू झाला. "कुंदे! कुंदे!" ही माझ्या आजीची हाक, ती मी ओळखली. माझ्या छातीत भाता चालला होता, बरगडीखाली कळ येत होती, डोळ्यांत घाम उतरत होता. एक मिनिट. अर्धं मिनिट. मी खांबाजवळ आले. पभ्याला नुकताच खो मिळाला होता. त्यानं खांबाला एक हात लावला आणि दुसरा हात पुढं काढून अख्खं अंग माझ्यावर झोकलं. मी वळले. तो तोंडघशी मातीत आदळला. मी दोन पावलं पुढं गेले, आणि डिमेलोकाकांची शिटी वाजली.

सात मिनिटं!

मुली किंचाळत आत धावल्या. नलूनं मला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, आम्ही दोघी पडलो. गॅलऱ्यांतून ताटं वाजायला लागली. त्या गोंधळात वसंत किणी ओरडत होता, "लागला! हात लागला! मी बघितला!"

"तू कुठून बघितलास? तुझी पाठ होती!" नलू तावातावानं उठली.

डिमेलोकाका मध्ये आले. "मला दिसला नाय. मधे हा पोरगा होता," ते म्हणाले. "प्रभाकर, तू बोल. लागला तुझा हात?"

पभ्या उठून बसला होता. हनुवटी सोलून रक्त आलं होतं, तोंडात माती. त्यानं थुंकून टाकली. "काहीतरी लागल्यासारखं वाटलं, काका. पण मी तेव्हा पडत होतो. शपथेवर नाही सांगता येणार."

"मग नाबाद," काका म्हणाले. "शंका आहे, तर पळणाराला फायदा."

मुली पुन्हा ओरडणार, तोच बाई पुढं आल्या. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रागावलेल्या नव्हत्या, हसतही नव्हत्या. एक्स्चेंजमधल्या त्या शांत आवाजात त्यांनी विचारलं, "कुंदा, लागला का?"

मला श्वास पुरत नव्हता.

"हो," मी म्हणाले. "कोपराला. बोटं लागली."

नलू माझ्याकडे बघतच राहिली. बाईंनी मान हलवली, जणू एखाद्यानं पत्ता विचारला आणि तो नीट सांगून झाला. मग त्या पभ्याकडे वळल्या. "जागा तुमची. अभिनंदन." आणि आम्हाला म्हणाल्या, "काढा खांब."

एकेका खांबाला चौघी लागल्या. तीनशे माणसांच्या मधून आम्ही ते ओढत नेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलंही नाही. मला खांबाला हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून मी मागं चालले होते. बाईंनी वळून न पाहता म्हटलं, "कुंदा, खांदा दे." मी खांदा दिला.

मैदानाच्या दक्षिण टोकाला, माळ्याच्या खोलीमागं एक कोपरा होता. कधीकाळी बांधकामाचा राडारोडा तिथं टाकलेला. दगड, विटांचे तुकडे, काचा. कुत्रीसुद्धा तिथं बसत नसत. खांब तिथं ठेवून बाई म्हणाल्या, "उद्यापासून घमेली आणा."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दगड वेचायला लागलो. खेळ नाही, पळणं नाही, रोज दोन तास दगड. मुली माझ्याशी बोलत नव्हत्या. नलू तर माझ्या घमेल्यात दगड टाकायची तोही आपटून टाकायची. बाई स्वतः पदर खोचून, उकिडव्या बसून काचा उचलायच्या. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलेली असायची, मध्येच उठून कमरेवर हात ठेवायच्या, पुन्हा बसायच्या. चौथ्या दिवशी त्यांचं बोट कापलं, तेव्हा नलूनं आपली रिबीन सोडून बांधली. त्याच दिवशी तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "खरंच लागला होता?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि माझ्या घमेल्याचा दुसरा कान धरला.

दुसऱ्या रविवारी सकाळी खडखड असा आवाज आला. क्रिकेटची अकराच्या अकरा पोरं पिचवरचा अवजड लोखंडी रोलर ढकलत आमच्याकडे येत होती. पभ्याच्या हनुवटीवर खपली धरली होती. तो बाईंच्या समोर येऊन थांबला.

"बाई, रोलर आणलाय."

बाईंनी रोलरकडे पाहिलं, अकरा पोरांकडे पाहिलं. "आधी दगड वेचा," त्या म्हणाल्या. "मग रोलर."

पोरं निमूट खाली बसली. पाच आठवड्यांनी त्या कोपऱ्यात चुन्याची रेषा आखली गेली. खांब पुरायला खड्डे पभ्यानं खणले. पुढच्या दहा वर्षांत त्याच जागेवर खेळून आमच्या चार मुली राज्याच्या संघात गेल्या. मी त्यांच्यात नव्हते. मी हळूच राहिले.

पण ती गोष्ट माझ्या मागं लागली. माझ्या लग्नात नलूनं ती सासरच्या मंडळींना साभिनय सांगितली. नाशिकला शाळेत शिकवायला लागले, तर तिथंही ती पोचली. हेडमास्तर पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "या कुंदाबाई. यांनी लहानपणी खरं बोलून मैदान घालवलं होतं." मी हसायचे. आणि दर वेळी आत काहीतरी टोचायचं.

एकतीस वर्षांनी मी एका कामासाठी मुंबईला आले आणि संध्याकाळी बागेत गेले. माळ्याची खोली पाडली होती. कोपऱ्यात पंधरा-वीस मुली खेळत होत्या, आणि बाकावर बाई बसल्या होत्या. सत्तर ओलांडलेल्या. केस पांढरे, पायात पांढरे बूट, गळ्यात शिटी. मला पाहून म्हणाल्या, "कुंदा. जाड झालीस."

मी शेजारी बसले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी ठरवून आले नव्हते तरी बोलून गेले.

"बाई, एक सांगायचंय. त्या दिवशी मी खरं बोलले ना, ते खरेपणानं नव्हे. माझ्यात त्राण नव्हतं. छाती फुटेल असं वाटत होतं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा वाद, पुन्हा प्रश्न, कदाचित पुन्हा खेळा म्हणाले असते. मला फक्त ते संपायला हवं होतं. सगळे मला उगीच मोठं करतात."

बाई मैदानाकडेच बघत होत्या. "मला दिसला होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हात. मी खांबाच्या रेषेत उभी होते. त्याची बोटं तुझ्या कोपराला लागलेली मी पाहिली."

"मग विचारलंत कशाला? सांगून टाकायचं."

"मी सांगितलं असतं तर माझा शब्द राहिला असता. तुझं काय? सात मिनिटं उभी राहिलेली मुलगी, आणि तिनं चोरून जिंकायचा प्रयत्न केला, असं लोक म्हणाले असते. तू दुसऱ्या दिवशी खाली उतरली नसतीस. मला जागा गेली तर चालणार होती, तू गेलेली चालणार नव्हतीस." त्या माझ्याकडे वळल्या. "तू तोंड उघडेपर्यंत माझे हात गार पडले होते."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"नाही म्हणालीच नसतीस. केवढी दमली होतीस! दमलेल्या माणसाला खोटं रचता येत नाही, कुंदा. तुम्हाला रोज दोन तास पळवायचे ते काय नुसतं पायांसाठी?" आणि बाई हसल्या.

मी आयुष्यात त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

तेवढ्यात मैदानावर गलका उठला. दोन मुली समोरासमोर उभ्या राहून भांडत होत्या. एक म्हणत होती लागला, दुसरी म्हणत होती नाही लागला. बाकीच्या बाईंकडे धावत आल्या. बाईंनी शिटी उचलली नाही.

"दोघी मैदानाला पाच फेऱ्या मारा," त्या म्हणाल्या. "मग येऊन मला सांगा."

मुली कुरकुरत पळायला लागल्या. तिसऱ्याच फेरीत एकीनं पळता पळता हात वर केला.